मेहताब सरांचा होकार

मेहताब सय्यद सर मुलांना कधी ‘नाही’ म्हणत नसत. हे मी ऐकीव सांगत नाही. सातवीपर्यंत मी त्यांच्याच शाळेत होतो.

आमचं गाव पाथर्डीपासून जीपच्या अंतरावर, डोंगराच्या पायथ्याला आहे. दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा तापला की परततात. मी तिसरीत असताना आमच्यातल्या एकाने वर्गात उगाच विचारलं, “सर, आम्हाला रेल्वे दाखवाल का?” सर फळा पुसत होते. न वळताच म्हणाले, “हो, दाखवीन की.” आम्ही ते विसरून गेलो. काही महिन्यांनी एका सकाळी शाळेसमोर टेम्पो उभा. आम्हा सगळ्यांना त्यात बसवून सर नगरच्या स्टेशनात घेऊन गेले. फलाटावर खूप वेळ काहीच आलं नाही. मग एक लांबलचक मालगाडी आली आणि न थांबता निघून गेली. ती गाडी सरांनीच मागवली होती, असं आम्ही पुढं कितीतरी दिवस समजत होतो.

“नाही म्हणायला काय लागतं?” सर म्हणायचे. “हो म्हटलं की आपल्याला उठावं लागतं. म्हणून मास्तरने हो म्हणायचं.”

दरवर्षी संक्रांत झाली की सर तिळगुळाचा डबा घेऊन साखर कारखान्यांच्या बाजूला निघत. आमच्या गावची माणसं उसाच्या ज्या ज्या फडात तोडीला असतील तिथं जात. उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, बसत, चहा पीत, पोरांची पुस्तकं तपासत. ज्यांचे आईबाप तयार होतील ती पोरं सरांसोबत गावी परत येत. शाळेत हंगामी वसतिगृह चाले. वसतिगृह म्हणजे फार मोठं काही नव्हे, शाळेत दोन वेळचं जेवण आणि झोपायला आपापल्या आजीच्या घरी. पण पोराचं वर्ष वाचे. आणि आयांनी पोरं दिली ती सरांच्या हातात, समोरासमोर. दुसऱ्या कोणाबरोबर कोणी पाठवलं नसतं.

मोबाईल फोन आल्यापासून सर दर रविवारी एक निरोप आपल्या आवाजात भरून ऊसतोडीच्या सगळ्या टोळ्यांना पाठवत. एक गोष्ट आणि एक गणित. कोपीतली मोठी माणसंसुद्धा ते ऐकत बसत. त्याला ते ‘सरांचा रेडू’ म्हणत.

मी पुढे पदविका केली आणि नगरच्या एका कॉलेजात संगणकाची प्रयोगशाळा सांभाळू लागलो. मागच्या वर्षी सरांचा फोन आला. शिक्षकांना एआयचं प्रशिक्षण दिलं होतं आणि सर पेटले होते.

“सहादेव, हे म्हणजे प्रत्येक पोरामागं एक मास्तर रे.”

त्या पावसाळ्यात त्यांनी दिसेल ते साधन वापरून पाहिलं. प्रश्नपत्रिका बनवणारं एक त्यांना आवडलं. चित्र काढणाऱ्या एकाला त्यांनी ऊसतोड कामगार काढायला सांगितला, तर त्याने रुंद टोपी आणि बूट घातलेला माणूस काढला. सर हसून हसून बेजार झाले. “आपल्या ऊसतोड्या गहिनीनाथला ह्यानं साहेब करून टाकला बघ.” एक साधन इतकं कठीण मराठी बोलायचं की सरांनी त्याचं नाव ‘शास्त्रीबुवा’ ठेवलं आणि ते काढून टाकलं.

शेवटी त्यांनी निवडलं ते वेगळंच होतं. सरांचे जुने रविवारचे निरोप त्याला ऐकवले की ते सरांच्याच आवाजात बोलायला शिकत असे. मुलाने फोनवर बोलून उत्तर पाठवायचं, आणि ते लगेच त्या मुलाचं नाव घेऊन, त्याला जमेल एवढाच पुढचा धडा देणार. आठवड्यातून एकदा सगळ्यांना एकच गणित देण्यापेक्षा रोज, प्रत्येकाला वेगळं. सरांचा आनंद मला समजत होता. एवढी वर्षं त्यांना हेच हवं होतं आणि एका माणसाला ते जमणारं नव्हतं.

साधनाने मुलांशी कसं बोलायचं याच्या सूचना आपण लिहून द्यायच्या असतात. सर त्या लिहून मला दाखवायला नगरला आले. कोणत्या मुलाची कोणती इयत्ता, कोणाला गुणाकार येत नाही, कोणाला मोठ्याने बोलायची लाज वाटते, सगळं त्यात होतं. आणि शेवटी एक ओळ होती: ‘मुलांना कधीही नाही म्हणायचं नाही.’

“ही माझी चाळीशीपर्यंतची कमाई,” सर म्हणाले. मला ती ओळ आवडली.

दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या. सर प्रत्येक ट्रॅक्टरपाशी जाऊन पोरांच्या बापांच्या फोनमध्ये ते चालू करून देत होते. रविवारच्या निरोपासारखेच सर आता रोज बोलतील, एवढंच लोकांना कळलं. गहिनीनाथच्या ट्रॉलीत भांडी, बाजेची लाकडं, कोंबड्यांची पाटी असं सगळं चढलं होतं आणि वर त्याची मुलगी धनश्री दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. धनश्री सहावीत. वर्गात पहिल्या दोघांत. सरांना वाटलं होतं, यंदा ती वसतिगृहात राहील.

तिची आई चांगुणा खाली उभी होती. तिच्या पदराखाली तान्हं होतं.

“सर, हिला न्हेल्याबिगर भागत न्हाई,” चांगुणा म्हणाली. “बाळाला कोन धरील? आमी दोघं फडात. पर संक्रातीला मपली भैन येनार हाय बाळापाशी. तुमी दरसाली येताच की. तवा घेऊन या हिला.”

“हो. येतो.”

“तुमच्याच हाती दीन बरं का. दुसऱ्या कुनाबरूबर न्हाई धाडायची.”

“येतो म्हटलं ना चांगुणाबाई.”

वरून धनश्रीने विचारलं, “सर, नक्की?”

“नक्की.”

हा होकार सरांचा स्वतःचा होता. पुढं जे झालं ते सांगताना सर या जागी नेहमी थांबतात आणि तेवढं पुन्हा सांगतात, की हे मी बोललो होतो, यंत्र नाही.

साधन उत्तम चाललं. शाळेच्या संगणकावर प्रत्येक मुलाच्या नावापुढे अभ्यास झाला की हिरवा ठिपका उमटे. धनश्रीच्या नावापुढे रोज ठिपका. अपूर्णांक तिने कोपीत बसून संपवले. तालुक्यातून माणसं बघायला आली. मग नगरला इतर शिक्षकांसमोर हा प्रयोग मांडायचं निमंत्रण आलं, नेमकं संक्रांतीच्या आठवड्यात.

शबनमभाभींनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, तीळ भाजून तिळगूळ नेहमीसारखा करून ठेवला होता. डबा भरलेला होता. सर म्हणाले, यंदा जरा उशिरा जाऊ. कार्यक्रम होऊ दे. मुलं तर रोज शिकतायत, माझ्याकडं सगळं दिसतंय. धनश्री तर पुढे गेलीय, तिला आठवड्या-दोन आठवड्यांनी काय फरक पडतो?

नगरच्या कार्यक्रमाला मीही होतो. सरांनी पडद्यावर हिरवे ठिपके दाखवले. मग आपलाच आवाज ऐकवला. सभागृहात टाळ्या पडल्या. कोणीतरी विचारलं, “सर, मग तुम्ही आता करता काय?” सगळे हसले, सरही हसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर घरी कार्यक्रमात मिळालेलं गुलाबाचं फूल पाण्यात ठेवत असताना चांगुणाचा फोन आला.

“सर, कुठं हाव?”

“घरी. का हो?”

“घरी,” ती म्हणाली. “मंग पोरीला कामून सांगितलं उद्या येतो, उद्या येतो म्हनून?”

“मी? कधी?”

“रोज. आता तुमीच इचारा कधी. संक्रातीपसनं पोरगी दप्तर घिऊन फाट्यावर बसतीया. मपली भैन आली हुती, वाट बघून ती बी गेली आज. तिला तिचा परपंच हाय. तिनं किती दिस थांबायचं? यायचं न्हवतं तर तसं सांगायचं हुतं. आमी काय रागं भरलो असतो का?”

सरांनी फोन ठेवला आणि शाळेत जाऊन धनश्रीचं बोलणं काढून ऐकलं. इतके दिवस त्यांनी फक्त ठिपका पाहिला होता. नंतर मीही ते ऐकलं, म्हणून सांगतो. मागे ट्रॅक्टरचा आवाज आणि त्यात पोरीचा आवाज. ती आधी गणिताचं उत्तर सांगे. मग विचारे, “सर, संक्रातीला येनार ना?” आणि सरांचा आवाज, अगदी सरांचा, शेवटी किंचित वर जाणारा: “हो धनश्री, नक्की येणार. आता पुढचं उदाहरण सोडव.” दुसऱ्या दिवशी: “सर, आज आला न्हाई. उद्या येनार का?” “हो, उद्या येतो. शाब्बास, तुझं उत्तर बरोबर आहे.” तिसऱ्या दिवशी: “सर, मावशी जाती म्हनती. सकाळच्याच यष्टीनं या.” “हो, सकाळीच येतो.”

यंत्र कुठे चुकलं नव्हतं. त्याला सांगितलं होतं तेच ते करत होतं.

घरी येऊन सर भिंतीला टेकून बसले. शबनमभाभींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी सरांना धीरही दिला नाही आणि बोलही लावला नाही. तिळगुळाचा डबा आणून समोर ठेवला. “जाके आव पैले. बैठके क्या होनेका हय?”

सकाळच्या पहिल्या गाडीने सर नगरला आणि तिथून मनमाड रस्त्याने कोल्हारच्या पुढे गेले. दोन एसट्या बदलल्या की झालं. एवढं जवळ होतं, हे सरांनी मला नंतर किती वेळा सांगितलं असेल.

फाट्यावर उतरल्यावर त्यांनी चहाच्या टपरीवाल्याला फडाचा रस्ता विचारला. त्याने त्यांच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं.

“त्या दप्तरवाल्या पोरीचे सर का तुम्ही?”

“हो.”

“हितं बाकड्यावर बसायची. प्रत्येक एसटीला उठून उभी राहायची. मी म्हनलं, जा बाई घरी, ट्रका कशा पळत्यात बघ. तर म्हने, सरांशी आत्ताच बोलले मी, निघालेत ते.” त्याने रस्ता दाखवला आणि चहा न विचारताच आत वळला.

फडात तोड चालली होती. गहिनीनाथने कोयता खाली ठेवला, घोंगडी अंथरली. “बसा सर. दमून आलात. च्या टाकतो.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता आणि सरांना ते सोसवेना. चांगुणा बाळाला पाजत झोळीपाशी बसली होती.

“आता खरे आलात, का त्यो मोबाईलमधला आला?” ती म्हणाली.

“खरा आलोय. चूक झाली माझी.”

“तुमची कशी? त्यो तर मोबाईल हुता म्हनं. गावाकडनं फोन आल्ता सासूचा, तिला भाभीनं सांगितलं समदं.”

“माझीच. त्याला हो म्हणायला मीच शिकवलं.”

“मंग यायला बी शिकवायचं हुतं,” चांगुणा म्हणाली आणि बाळाला दुसऱ्या कुशीवर घेतलं.

सरांनी विचारलं, आज तिला नेऊ का. चांगुणाने झोळीकडे मान केली. मावशी गेली होती. बाळाला धरायला दुसरं कोणी नव्हतं. आणि बाळ निजलं की धनश्री मोळ्या बांधू लागली होती. आता पोरगी हाताखाली आली, ती मध्येच काढून कशी द्यायची? हे तिने चिडून सांगितलं नाही. गोष्ट होती तशी सांगितली.

धनश्री लांब पाचटात उभी होती. डोक्याला फडकं, हाताला उसाच्या पात्यांचे चरे. सर तिच्याजवळ गेले. तिने हातातली मोळी बांधून पुरी केली, मगच वर पाहिलं.

“धनश्री, तो मी नव्हतो गं. ते यंत्र होतं.”

“आवाज तर तुमचाच हुता.”

“आवाज माझा होता.”

“मंग?”

सरांनी डबा उघडून पुढे केला. तिने एक वडी घेतली, बाळाला चाटवायला म्हणून मुठीत धरली.

“पुढच्या रविवारी येतो मी,” सर म्हणाले.

“येतो म्हनू नका,” धनश्री म्हणाली. “येयाचं आसंल तर या.”

त्याच आठवड्यात सर माझ्याकडे नगरला आले. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, “माझा आवाज काढून टाक त्यातून.” मी त्यांना समजावायला गेलो. म्हटलं, सर, साधन चांगलं आहे. ती एक ओळ बदलू. ‘मी यंत्र आहे’ असं आधी सांगायला लावू. भेटीगाठीचं काही विचारलं तर निरोप तुमच्याकडे येईल, अशी सोय करता येईल. मला खरंच वाटत होतं की दुरुस्ती एवढीच आहे.

“ओळीत चूक नव्हती रे सहादेव,” सर म्हणाले. “ओळ माझीच होती. हो म्हटलं की उठायचं असतं, हे मी त्याला सांगितलंच नाही. आणि मीही उठलो नाही. टाळ्या घेत बसलो.”

आम्ही आवाज काढून टाकला. ज्यांनी प्रयोगाचं कौतुक केलं होतं त्यांना सरांनी स्वतः फोन करून काय झालं ते सांगितलं. एक-दोघांनी त्यांना समजावलं की एवढं मनाला लावून घेऊ नका, बाकीची मुलं तर शिकली. ते खरंही होतं. सर ऐकून घेत आणि फोन ठेवत.

पुढचे सगळे रविवार सर फडात गेले. आधी कळवलं नाही. धनश्रीने पहिल्यांदा त्यांना पाहून न पाहिल्यासारखं केलं. बाळ निजलं की बांधावर बसून ती तेवढ्यापुरतं गणित करी. सर प्रश्नपत्रिका बनवणारं ते जुनं साधन वापरून तिच्यापुरती उदाहरणं काढत, प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवून बघत आणि कागदावर छापून नेत. एकदा त्यात एका उदाहरणाचं उत्तर चुकलेलं निघालं. धनश्रीने ते दाखवलं. “ह्यो बी तसलाच का?” तिने विचारलं. सर म्हणाले, “हा चुकतो, पण तुझ्याशी बोलत नाही. चुकला तर मला धर.” ती हसली नाही, पण पुढचं उदाहरण तिने त्यांना विचारून केलं.

उन्हाळ्यात टोळ्या परतल्या. धनश्रीने परीक्षा दिली, पास झाली. पूर्वीसारखे गुण पडले नाहीत. सातवीच्या वर्गात ती मागे, खिडकीपाशी बसू लागली. वर्गात कोणी काही मागितलं आणि सर ‘हो’ म्हणाले, की ती पुस्तकातून मान वर काढून एकदा सरांकडे बघायची. तेवढंच. सरांना ते तासभर जाणवत राहायचं. हळूहळू त्यांच्या तोंडचं ‘हो’ कमी झालं. बारकी पोरं विचारत, “सर, सहल?” सर म्हणत, “बघतो.” पोरांना ते आवडत नसे. एकदा तर सरांनी एकाला चक्क नाही म्हटलं.

साधनं मात्र त्यांनी सोडली नाहीत. आजूबाजूच्या शाळांतले शिक्षक नवीन काही आलं की त्यांना विचारतात, घ्यावं का? सर ते फोनवर उघडतात, लहान मुलासारखा आवाज काढतात आणि पहिला प्रश्न टाकतात, “सर, उद्या येणार ना?” बऱ्याच जणांना आधी ही गंमत वाटते. साधन ‘हो, नक्की’ म्हणालं की सर ते मुलांच्या हाती द्यायचं नाही म्हणून सांगतात, मग ते गणित कितीही सुंदर शिकवो. मी समोर असताना एकदा एका साधनाने उत्तर दिलं, “मी येऊ शकत नाही. मी माणूस नाही. तुझ्या सरांना विचारशील का?” सर ते दोनदा ऐकत राहिले. “याला लाज आहे,” ते म्हणाले. ते साधन त्यांनी ठेवलं. पण त्यानंतर त्यांचा चेहरा पडला. शेवटी सरांनाच विचारायचं आलं, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

यंदा दसऱ्याच्या सुमारास मी गावी गेलो होतो. टोळ्यांची बांधाबांध सुरू झाली होती. शाळा सुटली होती आणि मी सरांजवळ ओट्यावर बसलो होतो. धनश्री परत आली. दप्तर खांद्याला होतंच. ती पायरीखाली उभी राहिली.

“सर, बाळ आता चालतंय. आजी म्हनती, मी संभाळीन त्याला. मला यंदा जायचं न्हाई. आई ऐकत न्हाई.” ती थांबली. “तुमी येनार का आईला सांगायला?”

मी सरांकडे पाहिलं. पूर्वी हे वाक्य पुरं व्हायच्या आत ते ‘हो’ म्हणाले असते. आता ते ओट्यावरून उठले, खाली वाकून चपला शोधल्या, एक ओट्याखाली गेली होती ती पायाने ओढून काढली.

धनश्री वाट बघत उभी राहिली नाही. ती वळून चालू लागली, आणि शाळेच्या फाटकापाशी गेल्यावर तिने मागे वळून पाहिलं, सर येतायत का ते.

सर येत होते.